डावीकडचा वड

कसबा बावडा, कोल्हापूर
रविवार, दुपार

प्रिय क्रांती,

सोमवारी तू आपल्या घरच्या ग्रुपवर तात्यांच्या फोटोखाली लिहिलंस, 'तुमची मजा आहे बुवा. आम्हाला नागपुरात रविवारी कपडे धुवायला वेळ पुरत नाही आणि तुम्ही दर आठवड्याला नवा घाट बघता.' ते वाचलं आणि हातातलं लाटणं मी असं आपटलं की पोळपाट घसरून खाली गेला. राग तुझा नव्हे. राग त्या 'मजा' या शब्दाचा. तुझ्या वडिलांबरोबर गाडीतून फिरणं म्हणजे काय असतं ते आज तुला सविस्तर सांगणार आहे. फोनवर सांगता येत नाही. ते स्पीकर लावतात, मी एक वाक्य बोलले की स्वतः दोन बोलतात आणि तू हसत फोन ठेवून देतेस. दिवाळीपासून मला एकच गोष्ट हवी होती. नागपूरला जाताना जी गाडी तू आमच्या दारात लावून गेलीस, तिची किल्ली तुझ्या वडिलांच्या हातातून सुटायला हवी होती. त्यांनी ती गाडी चालवता कामा नये. का, ते सांगते, पण आधी मला पोटभर चिडू दे.

तुझे तात्या म्हणजे बाळासो पाटील, कारखान्याच्या शेती खात्यातून निवृत्त झालेले, हे तुला माहीतच आहे. पण आयुष्यभर मोटरसायकलवरून गावोगाव ऊस बघत फिरलेला माणूस निवृत्त झाल्यावर काय होतो, ते तुला माहीत नाही. घरात असले की ते कुंपणाच्या फाटकाशी उभे राहून रस्त्यावरच्या ट्रॅक्टरना मनात नंबर देत असतात. तुझी गाडी आली त्या दिवशी मला म्हणाले, "आता तुला सगळा मुलूख दावतो. लई दिवस बालवाडीत पोरांची नाकं पुसलीस." मी भाबडी. मला खरंच वाटलं की आता धबधबे बघायचे, दऱ्या बघायच्या, गार वाऱ्यात बसून चहा प्यायचा. उन्हाची टोपी घेतली, थर्मास घेतला, चढावर चालायला म्हणून बूटसुद्धा घेतले. साडीवर बूट घातलेली बघून तुझे वडील दोन दिवस हसत होते.

पहिली सहल मसाई पठाराची. भाद्रपद होता, पठारावर बोटभर उंचीची जांभळी-पिवळी फुलं आली होती. मी गाडीतून उतरून बघतच राहिले. तोवर मागच्या सीटवरून तात्यांचे मित्र मीरासाब उतरले आणि त्यांच्या हातात पातेलं होतं. कोल्हापूरचा माणूस निसर्ग बघायला जातो म्हणजे काय करतो, हे मला आधी कळायला हवं होतं. तीन दगड लागले, जाळ झाला, मीरासाबांनी मटण घरूनच चिरून आणलं होतं, आणि वाटेत पन्हाळ्याला आणखी दोन मित्र भेटले होते ते कांदा चिरायला बसले. रस्सा मंडळ भरलं. चौघेही पातेल्याकडे तोंड करून आणि दरीकडे पाठ करून. चूल नेमकी फुलांवर मांडलेली. मी म्हटलं, अहो, फुलं होरपळतायत, पातेलं त्या कातळावर न्या. तर म्हणाले, "फुलं काय, पुढल्या साली परत येत्यात." मी ऐकलं नाही. पेटलेली चूल त्यांना हलवायला लावली. रस्सा अप्रतिम झाला होता हे मी कबूल करते, मीरासाबांच्या हाताला चव आहे. पण घरी आल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, पठार कसं आहे, तर तुझे वडील म्हणाले, "जरा आळणी झाला हुता." पठाराचं विचारत होत्या त्या.

मग आंबोली ठरली. आंबोलीला आजऱ्यावरून जावं लागतं आणि आजऱ्यात तुझी अंबूबाई आत्या राहते. पाहुण्यांच्या गावावरून, पाहुण्यांच्या घरात न शिरता पुढे जाणं हा आपल्याकडे केवढा गुन्हा, हे तू जाणतेस. मी म्हटलं, येताना जाऊ. तर म्हणाले, "तिनं गाडी बघितली म्हंजे? तोंड कुठं दावू?" गेलो. आत्याने चहा दिला, मग पोहे, मग म्हणाली घनसाळ तांदळाचा भात टाकलाय, जेवल्याशिवाय हलायचं नाही. जेवण झालं. तात्या माजघरात आडवे झाले. उठले तेव्हा आत्याने काजूची पिशवी भरून ठेवली होती आणि आंबोली अजून तासाभराच्या वाटेवर होती. मी बूट घालून अंगणात उभी. तुझे वडील घड्याळ बघून म्हणाले, "चार वाजाय आले. चला परत." आम्ही आंबोलीला तीनदा निघालो आहोत क्रांती, आणि तिन्ही वेळा अंबूबाईंच्या माजघरातून परत आलो आहोत.

ते चार वाजणं हा वेगळाच छळ. कुठेही गेलो तरी चार वाजले की तुझ्या वडिलांच्या अंगात येतं. गगनबावड्याला मला सूर्य कोकणात उतरताना बघायचा होता. एवढी एकच हौस. मी दगडावर बसून राहिले, हलले नाही. ते गाडीत जाऊन बसले आणि हॉर्न वाजवत राहिले, लग्नाच्या वरातीत वाजवतात तसा. दरीकाठावरचे सगळे लोक माझ्याकडे बघायला लागले. शेवटी लाजेने उठले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "सूर्य काय, आपल्या कसबा बावड्यातबी मावळतोय की." त्या दिवशी कोल्हापूर येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही आणि त्याचा त्यांना फार त्रास झाला, कारण गाडी चालवताना त्यांना मी सतत बोलायला हवी असते. "काय काय दिसतंय सांग की," असं त्यांचं चाललेलं असतं. "मला गाडी हाकायची हाय, मला कुठं बघाय मिळतंय? तू सांग." मग मी सांगायचं. आता डावीकडे ओढा आहे, आता बाया गवत घेऊन चालल्या आहेत, आता पुढे म्हशी आहेत. घसा कोरडा पडतो. आणि प्रत्येक गावात काच खाली करून, "ओ पावणं, म्होरं रस्ता कसा हाय? कुठं उकरलाय का?" ज्या रस्त्याने हा माणूस उभं आयुष्य गेला, त्या रस्त्याची चौकशी पोरासोरांकडे. मी म्हणायचे, यांना बोलायची खाज आहे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

आता चिडणं बाजूला ठेवून सांगते. दिवाळीच्या आधी आम्ही दाजीपूरला गेलो होतो. राधानगरीच्या पुढे झाडी दाट होते, तिथे डाव्या बाजूने एक गवा रस्त्यावर आला. सशासारखा पटकन नाही आला. गंजीएवढं धूड, सावकाश पावलं टाकत रस्त्याच्या मधोमध येऊन थांबलं. मला तो लांबूनच दिसला होता. तात्यांनाही दिसला असणार म्हणून मी गप्प राहिले, आणि गाडी काही हळू होईना. शेवटी मी किंचाळले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. गवा हाताच्या अंतरावर. त्याने आमच्याकडे बघितलं, शेपूट हलवली आणि निघून गेला. तुझे वडील घामाने भिजले होते. म्हणाले, "दिसलाच हुता मला. तू कशाला वरडतीस?" सकाळी वर्तमानपत्रातला बारीक टाईप बिनचष्म्याने वाचणाऱ्या माणसाला गवा दिसत नाही, हे माझ्या डोक्यात बसेना. मी समजूत घातली की लक्ष नसेल.

दुसऱ्यांदा गारगोटीच्या रस्त्याला. एक म्हातारी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती. डावीकडून. मी तेव्हा थर्मासचं झाकण उघडत होते, त्यामुळे माझं सांगणं थांबलं होतं. आरसा भाऱ्याला लागला, भारा रस्त्यावर पडला आणि म्हातारी गुडघ्यावर बसली. देवाची कृपा, खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण तिने उठून तुझ्या वडिलांना अशा शिव्या घातल्या की मलाच कानात बोटं घालावीशी वाटली. "डोळं हायती का गोट्या बशिवल्यात? एवढी धडधाकट बाई दिसंना व्हय रं तुला?" तुला माहीत आहे, तुझ्या वडिलांना कोणी एक शिवी दिली तर ते व्याजासकट परत करतात. त्या दिवशी मात्र खाली उतरले, सगळी वैरण गोळा केली, भारा बांधला, आणि तिच्या डोक्यावर द्यायला गेले तर दोनदा त्यांचा हात बाजूला गेला. शेवटी मीच दिला. तेव्हा मला कळलं. अंधाराआधी घर गाठायची ती चार वाजताची घाई, रस्त्याची चौकशी, माझ्याकडून सगळं वदवून घेणं, पातेल्याकडे तोंड करून बसणं, हे सगळं मला तेव्हा कळलं, आणि कळून मला दया यायला हवी होती, पण आला तो संताप. एवढं मोठं गुपित पोटात ठेवून हा माणूस मला घाटातून फिरवत होता.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर भांडण. "माझ्या डोळ्याला काय धाड भरलीया? त्या ट्रकाचा नंबर वाचून दावू?" आणि वाचून दाखवलाही. मग मी मीरासाबांना गाठलं. त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, वैनी, तुम्ही काय करू नका. आणि पुढच्या आठवड्यात येऊन त्यांनी तात्यांना सांगितलं, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आलाय, मला एकट्याला दवाखान्याचं भ्या वाटतंय, तू चल. मीरासाबांना भीती वाटते यावर फक्त तुझे वडीलच विश्वास ठेवू शकतात. गेले. राजारामपुरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मीरासाबांना तपासलं, मग सहज म्हणून तात्यांना बसवलं. मी बाहेर थांबले होते, मला नंतर आत बोलावलं. काचबिंदू. समोरचं दिसतं, कडेचं जातं, आणि माणसाला जाताना समजतही नाही, असं त्या म्हणाल्या. डाव्या डोळ्याचं कडेचं जवळजवळ सगळं गेलेलं, उजव्याचं निम्मं. नळीतून बघावं तसं ते जग बघत होते आणि त्या नळीतून आम्हाला दाजीपूरला नेऊन आणत होते. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली थेंबांनी राखता येईल, आणि गाडी बंद, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तात्यांनी मान हलवली. मला वाटलं, सुटले.

कशाची सुटते? पुढच्या रविवारी सकाळी गाडी पुसत उभे. म्हणतात, "डाक्टरीण रातचं म्हणली. दिवसा चालतंय." मी समोर होते गं. माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली, तर गॅरेजवाल्याकडून दुसरी करून आणली. मी गाडीत बसणार नाही म्हटलं, तर एकटे निघाले, आणि एकट्याला सोडणं म्हणजे रस्त्यावरच्या लोकांना मारायला पाठवणं, म्हणून मी परत बूट घालून बसले. तुझ्या आईसारखी मूर्ख बाई या बावड्यात दुसरी नाही. मीरासाब मात्र पक्के निघाले. दारात उभं राहून त्यांनी सांगितलं, "बाळासो, तू स्टिअरिंगवर हाईस तवर मी गाडीत पाय ठेवणार न्हाय, आन् मटणबी शिजवणार न्हाय." आजवर त्यांच्या दोस्तीत एवढा मोठा शब्द निघालेला नव्हता. तात्यांनी तोंड फुगवलं. स्वतः रस्सा करायला गेले. पाटगावच्या धरणाकाठी बसून आम्ही दोघांनी ते करपलेलं मटण खाल्लं आणि दोघांनीही चांगलं झालंय म्हटलं.

मी तुला कळवते म्हटलं तर त्यांनी मला शपथ घातली. स्वतःची. "पोरीला एक अक्षार कळलं तर माझं मेलेलं तोंड बघशील." या माणसांना दुसरं काही सुचत नाही. साधं दोन ओळींचं सत्य सांगायचं तर आधी मेलेल्या तोंडाची धमकी. मी गप्प बसले, पण स्वस्थ बसले नाही. भजनी मंडळाला जाते म्हणून सांगून मी उचगावला जायला लागले. तिथे मुबशिरा नावाची मुलगी बायकांना गाडी शिकवते. बावड्यात शिकले असते तर पहिल्याच दिवशी कोणीतरी तात्यांना जाऊन सांगितलं असतं. पहिल्या दिवशी मी क्लच सोडला आणि गाडी जागच्या जागी उडी मारून बंद पडली. मुबशिरा म्हणाली, "मावशी, तुम्ही तिच्यावर रागावू नका, ती तुमचं ऐकायलाच बसलीय." मी म्हटलं, बाई गं, राग गाडीचा नाही. पण शिकले. या वयात, घामाने ओलीचिंब होऊन, उचगावच्या पोरांच्या टाळ्या झेलत शिकले आणि परवाना काढला. मंडळात माझा आवाज फार सुधारलाय असं तुझे वडील शेजाऱ्यांना सांगत होते.

गेल्या रविवारी सकाळी ते डबा घेऊन अंगणात आले तेव्हा मी ड्रायव्हरच्या जागी बसले होते. आधी त्यांना वाटलं मी चुकून बसले. परवाना काढून दाखवला. तो त्यांनी डोळ्यांसमोर धरून दोनदा वाचला, फोटोवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भजनात ह्येबी शिकिवत्यात?" मग दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसले. मालक मागं बसत्यात, म्हणे. कसबा बावड्यातून निघाल्यापासून त्यांनी मला जगू दिलं नाही. गिअर बदल. आत्ता नगं. आत्ता बदल. ब्रेक कशाला दाबलास. ब्रेक का न्हाय दाबलास. ऊस भरलेले ट्रॅक्टर पुढे, त्यांना ओलांडायचं धाडस मला होईना, तर मागून, "ह्येंच्या मागनं गेलो तर संक्रांत गारगोटीतच." चढावर गाडी बंद पडली. मागे उसाच्या ट्रॉल्यांची रांग, सगळे हॉर्न वाजवतायत. तेव्हा मात्र तुझे वडील खाली उतरले, हाताने चाचपत मोठा दगड शोधून चाकामागे ठेवला, आणि मागच्या ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "गप की रं. बाई शिकत्यात. तुझी आय शिकली असती तर तुला एवढी घाई नसती." ट्रॅक्टरवाला हसला, हॉर्न थांबले, गाडी चढली. दगड उचलून बाजूला टाकून ते परत येऊन बसले, या वेळी पुढे, माझ्या शेजारी.

मग ते मला रस्ता सांगायला लागले. आणि क्रांती, इतकं नीट सांगायला लागले की मी रागावणं विसरले. आता उतार लागंल, तिसऱ्यावर घे. आता ओढ्यावरचा पूल, एका टायमाला एकच गाडी बसती. आता शाळा. प्रत्येक गोष्ट अगदी त्या जागी. मोटरसायकलवरून फिरलेले सगळे रस्ते त्यांच्या डोक्यात तसेच आहेत, आणि इतके दिवस गाडी डोळ्यांनी कमी आणि त्या आठवणीने जास्त चालली होती. मग म्हणाले, "आता डावीकडं मोठा वड दिसंल. त्येच्या बुंध्यापासनं वळाण हाय. वड दिसला की हळू कर." मी डावीकडे बघितलं. तिथे वड नव्हता. रस्ता रुंद करताना तिथली सगळी झाडं गेली, तोडलेल्या जागेवर आता खडीचा ढीग आणि चहाची टपरी आहे. वळणसुद्धा सरळ केलंय. दिवाळीपासून या रस्त्याने आम्ही दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा त्या नसलेल्या वडापाशी त्यांनी गाडी हळू केली होती, आणि मी मनात म्हणत होते, हा माणूस सरळ रस्त्यावर उगाच का रेंगाळतो. त्यांनी विचारलं, "दिसला न्हवं?" मी म्हटलं, दिसला. सगळ्या संसारात मी तुझ्या वडिलांच्या तोंडावर खरं बोलत आले, नको तिथेही बोलले, आणि त्या दिवशी खडीच्या ढिगाशेजारून गाडी हळू करत नेली. पुढे तलावाकाठी थांबलो तेव्हा त्यांनी हट्टाने ड्रायव्हरच्या जागी बसून फोटो काढून घेतला. तोच तू पाहिलास.

आता हे पत्र का, ते लिहिते. गुरुवारी तुझा फोन आला होता. तू हसत सांगितलंस की सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला तुझी नवी गाडी डाव्या बाजूने परत घासली, महिन्यात दुसऱ्यांदा, आणि आपला जावई राजवीर म्हणतो तुला खांब दिसत नाही का, आणि तू म्हणालीस, मी तात्यांवर गेलेय, मी रस्ता अंदाजाने चालवते. तात्या हसले. फोन ठेवला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी ताट वाढून रागावले तेव्हा बोलले. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती, मी आत जायच्या आधी, फक्त त्यांना. हे रक्तातून येतं, मुलांचे डोळे आत्ताच तपासून घ्या, लवकर सापडलं तर काही जात नाही. तुझी आजी शेवटची काही वर्षं भिंत धरून चालायची, आम्ही त्याला म्हातारपण म्हणालो. मला घातलेली शपथ त्यांच्या डोळ्यांसाठी नव्हतीच. "नाक दिलं, राग दिला, त्येवढ्यावर भागलं असतं की," एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. आज सकाळी त्यांनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या आणून माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, "शपथ मागं घेतली. पोरीला लिव्ह. फोनवर नगं, मला ऐकाय हुनार न्हाय." म्हणून लिहिते आहे. खांब चुकून घासला असेल, नव्या गाडीचा अंदाज नसेल, देव करो आणि तसंच असो. पण या आठवड्यात जा. नुसता चष्म्याचा नंबर काढून येऊ नकोस, काचबिंदूसाठी तपासा म्हणून सांग, आणि वडिलांना आहे हेही सांग. तपासून आलीस की आधी फोन त्यांना कर, मला नंतर. काहीही निघालं तरी त्यांच्यावर चिडू नकोस, बाळा. त्यांच्यावर चिडायला मी आहे.

तुझीच,
आई